आहेस कुठे आणि चाललास कुठे: रशियनमधले दोन 'कुठे'

कझानला किंवा कूर्स्कला मेडिकलसाठी गेलेल्या कोल्हापूरच्या पोराला घरून फोन येतो. आई विचारते, "कुठं हाईस?" तो म्हणतो, "होस्टेलात." "आता कुठं निघालास?" "कॉलेजात." "आणि मगाशी फोन उचलला नाहीस, कुठनं आलास?" "मार्केटातनं."

तिसरा प्रश्न मराठीत वेगळा आहे. पहिल्या दोघांना मात्र शब्द एकच, 'कुठं', आणि उत्तरातला प्रत्ययही एकच, 'त'. पोरगं होस्टेलात आहे की कॉलेजात चाललंय हे मराठीत फक्त क्रियापदावरून कळतं. रशियनमध्ये तोच फरक प्रश्नाच्या शब्दात दिसतो, नामाच्या शेवटात दिसतो आणि पुष्कळदा क्रियापद कोणतं निवडायचं इथपर्यंत जातो. लिपी आली, शे-दोनशे शब्द पाठ झाले आणि वाक्यं जुळवायची वेळ आली, की मराठी माणूस पहिल्यांदा अडखळतो तो इथेच. शिवाजी विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात रशियन शिकणारा असो, नाहीतर घरी मोबाइलवर शिकणारा.

लेखनाबद्दल आधी एक सूचना. रशियन शब्द इथे उच्चारावरून लिहिले आहेत, रशियन स्पेलिंगवरून नाही. 'ज़' हा 'जहाज'मधला. 'व' हे 'मध्ये, आत' अशा अर्थाचं रशियन अव्यय (मराठीतला 'आणि'वाला 'व' नव्हे) सगळीकडे 'व' असंच लिहिलंय, पण त्याच्यापुढे क, प, श, ख असा अघोष आवाज आला की तोंडातून आपोआप 'फ' निघतो. तो निघू द्या.

पायरी पहिली: तीन प्रश्न वेगळे करा

ग्द्ये म्हणजे कुठे आहे. कुदा म्हणजे कुठे चाललं आहे. अत्कुदा म्हणजे कुठून.

याच तिघांना उत्तर देणारे छोटे शब्द लगेच पाठ करून टाका, कारण त्यांना प्रत्यय लागत नाहीत आणि दिवसभर लागतात तेच:

इथे (असणं): ज़्द्येस. इकडे (येणं): स्युदा. इकडून: अत्स्युदा.
तिथे (असणं): ताम. तिकडे (जाणं): तुदा. तिकडून: अत्तुदा.
घरी (असणं): दोमा. घरी (जाणं): दमोय. घरून: इज़ दोमा.

पहिल्या दोन ओळी पाहून वाटेल की मराठीतही इथे-इकडे, तिथे-तिकडे असा भेद आहेच की. अर्धामुर्धा आहे. "इकडं ये" आणि "इथं बस" इथपर्यंत तो जुळतो. पण "तिकडं लई पाऊस हाय" असं आपण सर्रास म्हणतो आणि त्या वाक्यात कुणीही कुठेही जात नाही. रशियनमध्ये तिथे 'ताम'च हवा, 'तुदा' चालत नाही. म्हणून मराठी शब्दावरून रशियन शब्द ओळखायची सवय लावून घेऊ नका. तिसऱ्या ओळीतल्या 'घरी'ने तर काहीच कळत नाही.

पायरी दुसरी: एकच कसोटी

पुस्तकात साधारण असं लिहिलेलं असतं: स्थिर क्रियापद असेल तर ग्द्ये, गतीचं क्रियापद असेल तर कुदा. हा नियम मला पुरेसा वाटत नाही. "मी बागेत फिरतोय" यात पाय चालू आहेत, तरी रशियनमध्ये ते ग्द्ये आहे: या गुल्यायु व पार्क्ये ('या' म्हणजे मी). उलट "मी घरी फोन करतोय" यात माणूस जागचा हलत नाही, तरी रशियन म्हणतो या ज़्वन्यू दमोय, म्हणजे कुदा.

त्यापेक्षा हे विचारा: क्रिया सुरू होण्याआधीपासून ती व्यक्ती किंवा वस्तू तिथेच होती का? होती, तर ग्द्ये. नव्हती आणि क्रियेमुळे तिथे पोचते आहे, तर कुदा.

बागेत फिरणारा आधीपासून बागेतच आहे, म्हणून ग्द्ये. रंकाळ्यावर फिरायला निघालेला अजून महाद्वार रोडवरच आहे, म्हणून कुदा. फोनमध्ये माणूस जात नाही, पण आवाज घरी पोचतो. खिडकीतून बाहेर बघतानाही रशियन लोक कुदाच धरतात (स्मत्र्येत व अक्नो), कारण नजर खिडकीकडे जाते.

याच कसोटीने विद्यार्थ्यांना रोज लागणारी एक जोडी सुटते. विद्यापीठात शिकणं म्हणजे ग्द्ये: उचित्सा व उनिविर्सितेत्ये. विद्यापीठात प्रवेश घेणं म्हणजे कुदा: पस्तुपीत व उनिविर्सितेत. मराठीत दोन्हीकडे 'विद्यापीठात'.

पोचल्यावर काय? "मी पुण्यात पोचलो" यात माणूस आता पुण्यात आहे, म्हणून ग्द्ये वाटतं. पण 'पोचणं' सुरू होण्याआधी तो तिथे नव्हता. त्यामुळे या प्रियेखल व पूनु, कुदा. 'होतो' आलं की मात्र चित्र उलटतं. न्यू पॅलेसचं म्युझियम बघून आलेला रशियनमध्ये दोन तऱ्हांनी सांगू शकतो: या बिल व मुज़्येये (म्युझियममध्ये होतो) किंवा या खदील व मुज़्येय (म्युझियमला गेलो होतो). माहिती तीच, शेवट वेगळा. आणि आपण "काल कुठं गेला होतास?" विचारतो तिथे रशियन माणूस बहुतेक वेळा "ग्द्ये ती बिल?" असंच विचारतो, म्हणजे कुठे होतास. हे ऐकून गोंधळू नका, उत्तरही मग 'बिल' धरूनच द्या.

कसोटीला अपवाद आहेत. लॉजवर उतरणं, म्हणजे मुक्काम करणं, हे रशियनमध्ये ग्द्ये आहे: अस्तनवील्स्या व गस्तीनित्स्ये. असे अपवाद थोडे आहेत, भेटतील तसे लिहून ठेवा.

पायरी तिसरी: नामाचा शेवट, आणि दहावीचं संस्कृत

इथे महाराष्ट्रातल्या मुलांना एक फायदा आहे आणि तो कुणी वापरताना दिसत नाही. मार्कांसाठी म्हणून का होईना, आपल्याकडे शाळेत पुष्कळ जण संस्कृत घेतात. ग्रामे वसति, ग्रामं गच्छति, ग्रामात् आगच्छति. राहतो तेव्हा सप्तमी, जातो तेव्हा द्वितीया, येतो तेव्हा पंचमी. रशियनचा हिशोब अगदी हाच आहे.

गोरद म्हणजे शहर. शहरात राहणं: व गोरद्ये. शहरात जाणं: व गोरद. शहरातून येणं: इज़ गोरदा.

आता कोल्हापूर घ्या. रशियन नकाशावर ते 'कल्खापूर' होतं आणि पुल्लिंगी नामासारखं चालतं:

या झिवू व कल्खापूर्ये. (राहतो)
या येदु व कल्खापूर. (चाललोय)
या इज़ कल्खापूरा. (तिथला आहे)

शेवटचा 'ए' संस्कृत सप्तमीच्या 'ए'चा सख्खा भाऊबंद आहे, 'ग्रामे'मधला. तिसऱ्या रूपातला 'आ' पंचमीच्या 'आत्'शी नातं सांगतो. स्लाव भाषांत जुनी पंचमी षष्ठीत मिसळली, म्हणून रशियन व्याकरणात त्याला षष्ठी म्हणतात. द्वितीयेचा 'म्' पुल्लिंगात पार झिजून गेला, त्यामुळे 'व कल्खापूर' हे मूळ नावासारखंच दिसतं. हे निर्जीव पुल्लिंगी नामांपुरतं खरं आहे, पण जागा बहुधा निर्जीवच असतात.

स्त्रीलिंगात द्वितीया दिसते. श्कोला म्हणजे शाळा: व श्कोल्ये (आहे), व श्कोलु (चाललोय), इज़ श्कोली (आलो). 'शालाम्'मधला अनुस्वार नाकातून बोलता बोलता पुढे नुसता 'उ' उरला, तोच हा 'श्कोलु'मधला. (श्कोला आणि शाला हे शब्द मात्र नात्यातले नाहीत. पहिला ग्रीकमधून लॅटिनवाटे आला. नातं आहे ते प्रत्ययांचं.) पुणे रशियनमध्ये 'पूना' होतं आणि स्त्रीलिंगी चालतं: व पून्ये, व पूनु, इज़ पूनी. हॉस्पिटल, बल्नीत्सा: व बल्नीत्स्ये, व बल्नीत्सु, इज़ बल्नीत्सी.

ज्यांनी संस्कृत घेतलं नव्हतं त्यांनी एवढंच धरावं: असणं 'ए', जाणं पुल्लिंगात मूळ रूप आणि स्त्रीलिंगात 'उ', येणं 'आ' किंवा 'ई'. नव्वद टक्के काम यात भागतं असं मी म्हणणार नाही, पण पहिल्या महिन्याचं भागतं.

दोन गट या चौकटीत बसत नाहीत. 'इया'वर संपणारी देशांची नावं: इन्दिया, रस्सीया. त्यांचं असण्याचं रूप 'ए'वर जात नाही, व इन्दिइ, व रस्सीइ असं होतं. जाण्याचं नेहमीसारखंच: व इन्दियु, व रस्सीयु. आणि मृदू चिन्हावर (आधीचं व्यंजन मऊ करणारं 'ь' हे रशियन अक्षर) संपणारी स्त्रीलिंगी नावं, ज्यात कझान आणि त्वेर येतात: व कज़ानी (आहे), व कज़ान (चाललोय), इज़ कज़ानी (आलो). होस्टेल, म्हणजे अब्शिझीतिये, नपुंसकलिंगी आहे. तिथे राहणं व अब्शिझीतिइ, तिथे जाणं व अब्शिझीतिये. नवख्याला हा शब्द पहिल्याच दिवशी लागतो आणि तोच सगळ्यात आडमुठा आहे. पाठ करून टाका.

पायरी चौथी: व की ना

आतमध्ये असेल तर 'व', वर असेल तर 'ना', हे टेबल आणि कपाटापुरतं ठीक आहे. जागांच्या बाबतीत तर्क फार पुढे जात नाही. शाळा, विद्यापीठ, दुकान, हॉस्पिटल, देऊळ यांना 'व'. बाजार, स्टेशन, पोस्ट, कारखाना, स्टेडियम, चौक, स्वयंपाकघर यांना 'ना'. तास, मैफल, काम अशा गोष्टी, जिथे काही चाललेलं असतं, त्यांनाही 'ना'. म्हणजे अंबाबाईच्या देवळात जाणारा 'व ख्राम' जातो, खासबागेत कुस्ती बघायला जाणारा 'ना स्तदिओन' जातो आणि शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत काम करणारा 'ना ज़वोद्ये' असतो. फौंड्रीला छप्पर आहे, भिंती आहेत, तरी 'ना'. का, ते विचारत बसू नका. आपणही 'कामावर' जातो आणि 'ऑफिसात' जातो.

पाठ करताना शब्दाबरोबर त्याचं अव्यय जोडूनच पाठ करा. नुसतं 'रीनक म्हणजे बाजार' असं लिहू नका, 'ना रिन्क्ये' असं लिहा.

याचा फायदा परतीच्या वाटेवर होतो. 'व'ने गेलेला 'इज़'ने परततो, 'ना'ने गेलेला 'स'ने. ना रीनक गेला, तर स रीन्का आला. ना ज़वोद गेला, तर स ज़वोदा आला. या जोड्या फुटत नाहीत. नवशिक्यांच्या चुका मोजल्या तर 'कामावरून आलो'ला 'इज़' लावणं बरंच वर येईल.

युक्रेनपुढे 'ना' लावायचं की 'व', हा प्रश्न आता व्याकरणाचा राहिलेला नाही. कोणाशी बोलताय ते बघून बोला.

वाहनाचा 'ना' मात्र निराळा. 'ना अफ्तोबुस्ये' म्हणजे बसने. प्रवास चालू आहे, तरी शेवट 'ए'चा, कारण बस हे पोचायचं ठिकाण नाही, साधन आहे. म्हणून एकाच वाक्यात दोन्ही येतात: या येदु ना अफ्तोबुस्ये व पूनु. बसने पुण्याला चाललोय. आणि इथे 'येदु'च म्हणा. 'इदू' म्हणजे पायी चाललोय. कोल्हापूरहून पुण्याला 'इदू' म्हणालात तर समोरच्याला तुम्ही वारकरी वाटाल.

पायरी पाचवी: माणसाकडे जायचं असेल तर

माणसांना व, ना, इज़, स यांतलं काहीच लागत नाही. मराठीत इथे 'कडे' येतो आणि तोही दोन्ही कामं करतो: आजीकडे आहे, आजीकडे चाललोय. रशियनमध्ये तीन वेगळी अव्ययं आहेत. उ बाबुश्की (आजीकडे आहे), क बाबुश्क्ये (आजीकडे चाललोय), अत बाबुश्की (आजीकडून आलो). डॉक्टरांकडे: उ व्राचा, क व्राचु, अत व्राचा.

दवाखाना आणि डॉक्टर एकाच वाक्यात आले तर प्रत्येकाला आपापलं अव्यय द्या: या इदू व बल्नीत्सु क व्राचु. दोन्ही कुदा, पण एक जागा आणि एक माणूस.

पायरी सहावी: फसवे शब्द

काही छोट्या पुल्लिंगी नामांना असण्याच्या रूपात 'ए'ऐवजी 'ऊ' लागतो आणि जोर त्या 'ऊ'वर पडतो: व लिसू (जंगलात), व सदू (बागेत), ना मस्तू (पुलावर), ना बिरिगू (काठावर), व श्कफू (कपाटात), ना पलू (जमिनीवर), व अएरपर्तू (विमानतळावर). पंचगंगेच्या काठावर उभे आहात तर ना बिरिगू. घोटाळा हा की हा 'ऊ' स्त्रीलिंगी नामांच्या जाण्याच्या 'उ'सारखा दिसतो. 'व श्कोलु' चाललेला असतो, 'व सदू' बसलेला असतो. फरक लिंगाचा आहे. उजळाईवाडीच्या विमानतळाकडे निघालात तर व अएरपोर्त, तिथे बसून विमानाची वाट बघताय तर व अएरपर्तू.

काही शब्द हलतच नाहीत: मित्रो, किनो, कफे. मुंबई आणि सांगली ही नावंही रशियनमध्ये 'ई'वर संपतात आणि तशीच राहतात. या झिवू व सांगली, या येदु व सांगली. सांगलीकरांना हे फुकटात मिळालंय.

पायरी सातवी: ठेवणं, असणं, बसणं

वस्तूंच्या बाबतीत मराठी फारच मोकळी आहे. टेबलावर पुस्तक आहे, टेबलावर पुस्तक ठेवलं. रशियन इथे दोन प्रश्न विचारतो: वस्तू उभी आहे की आडवी, आणि आधीपासून आहे की आता ठेवताय?

आडवी असेल तर ल्येझात (पडून असणं) आणि क्लास्त (ठेवणं). उभी असेल तर स्तयात आणि स्तावित. लटकत असेल तर विस्येत आणि व्येशत. क्नीगा लिझीत ना स्तल्ये, पुस्तक टेबलावर आहे. या क्लदू क्नीगु ना स्तोल, पुस्तक टेबलावर ठेवतोय. ताट मात्र रशियनमध्ये 'उभं' असतं, आडवं मांडलेलं असलं तरी. तांबड्या-पांढऱ्याच्या वाट्याही उभ्याच.

बसण्यातही तसंच. मराठीत "खुर्चीवर बसला" आणि "खुर्चीवर बसलाय" यांत एका अक्षराचा फरक. रशियनमध्ये क्रियापदच वेगळं: स्येल ना स्तूल (बसला, कुदा), सिदीत ना स्तूल्ये (बसलाय, ग्द्ये).

'खाली' आणि 'मागे, पलीकडे' यांना पद आणि ज़ा. असताना त्यांच्यापुढे तृतीया येते, जाताना द्वितीया: पद स्तलोम (टेबलाखाली आहे), पद स्तोल (टेबलाखाली गेलं), इस-पद स्तला (टेबलाखालून निघालं). पंधराव्या शतकात त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन चौलला उतरून जुन्नरमार्गे बिदरपर्यंत गेला. त्याच्या टिपणांना जे नाव मिळालं त्यात 'ज़ा त्री मोर्या' येतं, तीन समुद्रांपलीकडे, आणि ते द्वितीयेत आहे, कारण तो तिकडे गेला. तिथे कायम राहणाऱ्याबद्दल लिहिलं असतं तर 'ज़ा त्रिम्या मर्यामी' झालं असतं.

सराव

दिवसभराचा स्वतःचा रस्ता बोलत राहणं हा मला सगळ्यात उपयोगी सराव वाटतो. एसटी स्टँडवर उभं राहून ग्द्ये, बसमध्ये चढून कुदा, घरी येऊन अत्कुदा. वही लागत नाही. सुरुवातीला खालची वाक्यं करून बघा. उत्तर वाचण्याआधी मोठ्याने बोला.

आई बाजारात गेलीये. मामा उश्ला ना रीनक. (हो, रशियनमध्ये 'मामा' म्हणजे आई.)

आई बाजारात आहे. मामा ना रिन्क्ये. 'आहे'साठी वर्तमानकाळात इथे शब्दच येत नाही, त्यामुळे सगळा भार त्या 'ए'वर.

दादा आजीकडनं आला. ब्रात प्रियेखल अत बाबुश्की. माणूस आहे म्हणून 'अत', आणि दुसऱ्या गावाहून आला असं धरलंय म्हणून 'प्रियेखल'.

ताई पुण्यात शिकते. सिस्त्रा ऊचित्सा व पून्ये.

वही टेबलाखाली पडली. तित्राद उपाला पद स्तोल. पडायच्या आधी ती तिथे नव्हती.

मी कझानच्या विद्यापीठात प्रवेश घेतला. या पस्तुपील व उनिविर्सितेत व कज़ानी. मुलगी बोलत असेल तर पस्तुपीला. यात 'व' दोनदा आलाय आणि दोन्हींचं काम वेगळं आहे: विद्यापीठात तुम्ही आत्ता शिरलात, म्हणून कुदा, विद्यापीठ कझानमध्ये आधीपासूनच आहे, म्हणून ग्द्ये.